वाशीची भाजी मानखुर्दला का उतरत नाही

हार्बर लाइनवर मानखुर्द सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते आणि पुढचं स्टेशन थेट वाशी. मुंबईच्या भाजीचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार वाशीला आहे आणि तिथल्या एका गाळ्यावर मी हिशेब लिहिते. राहायला मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत आहे. दिवसा ज्या मालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, मी शेतकऱ्यांच्या नावाने लिहिते, त्यातलं आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी काय पोचतं, हे मला रोज दिसतं. एका स्टेशनाच्या अंतरात भाजीचं जे होतं त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

बाजारात रात्री अकरापासून गाड्या लागतात. नाशिक, पुणे, सातारा, सांगली, काही गुजरात-कर्नाटकातून. पहाटे तीन-साडेतीनला सौद्यांना जोर येतो. एक नंबरचा माल सगळ्यात आधी उचलतात ते मॉलवाले, निर्यातवाले, मोबाइलवरून भाजी विकणाऱ्या कंपन्यांचे खरेदीदार आणि मोठी हॉटेलं. त्यांच्या मागोमाग दादर, घाटकोपर, चेंबूर, मुलुंडचे किरकोळ विक्रेते येतात. हे पारखी लोक आहेत, बऱ्याच जणांची पेढीवर खाती आहेत, आज नेलं तर चार दिवसांनी पैसे दिले तरी चालतात. उजाडायच्या आत यांचे टेम्पो भरून पुलावरून मुंबईकडे निघतात. सायन-पनवेल रस्त्याने येताना ते मानखुर्दवरूनच जातात, पण थांबत नाहीत.

सकाळी नऊनंतर उरतो तो दागी माल. पिवळी पडायला लागलेली मेथी, तडकलेले टोमॅटो, जून भेंडी. उठाव संपला की शेठ सांगतात, येईल त्या भावात द्या आणि जागा मोकळी करा. मानखुर्द-गोवंडीच्या बायका त्या वेळेला येतात. पहाटे उठायला त्या तयार असतात, पण हातात हजार-बाराशे रुपये असतात आणि एक नंबरची दोन क्रेट घेतली तर टेम्पोच्या भाड्याला काही उरत नाही. चौघी मिळून एक टेम्पो करतात. काही जणी तर गाळ्यांपुढे सांडलेला, टाकून दिलेला माल निवडतात, कुजकं काढून टाकतात, धुतात आणि त्याचे वाटे लावतात. टोमॅटोच्या ढिगातून उद्यापर्यंत टिकणारा टोमॅटो त्या न दाबता, नुसत्या देठाकडे बघून बाजूला काढतात. ही पारख आमच्या गाळ्यावर फार थोड्यांना आहे. आमच्या भागात जी काही भाजी येते ती या बायकांमुळे येते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे.

आता भावाचं. आमच्याकडे भाजी पावशेरावर चालते. नाक्यावर मजुरीला उभं राहणाऱ्याला किंवा घरी बसून कपड्यांचे धागे कापणाऱ्या बाईला रोजचे पैसे रोज मिळतात, त्यामुळे रोज थोडं घ्यायचं. परवा आमच्या खाली भेंडी वीस रुपये पाव होती, म्हणजे किलोला ऐंशी. त्याच दिवशी चेंबूर स्टेशनजवळ हिरवीगार, कोवळी भेंडी साठ रुपये किलोने होती, पण किलोभर घेतली तर. गाळ्यावरून ती सकाळी त्याच्याही बरीच खाली गेलेली मी स्वतः लिहिली होती. वाईट माल, थोडा माल आणि चढा भाव, हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत तो किलोमागे सगळ्यात जास्त देतो.

हे असंच असायला हवं, असं काही नाही. माझे वडील कुर्ला स्टेशनबाहेर भाजी विकायचे. गाव जुन्नरकडचं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात माल भायखळ्याहून यायचा, १९९६ ला भाजीचा बाजार वाशीला गेल्यावर ते वाशीला जायला लागले. आमचं घर रुळांलगत होतं. पत्रा, प्लास्टिक, पावसात गुडघाभर पाणी. त्या घराचं कौतुक मी करणार नाही. रुळ ओलांडताना माणसं मेलेली मी लहानपणी पाहिली आहेत. पण भाजी? भाजी दारात होती. संध्याकाळची गाडी सुटली की स्टेशनबाहेर पाट्यांच्या रांगा लागायच्या. साडेआठनंतर भाव उतरायचे. आई मुद्दाम तेव्हा जायची. गवार, घेवडा, चुका, चाकवत, माठ, सगळं आमच्या पत्र्याच्या घरात शिजत होतं. एखाद्या दिवशी पैसे नसले तर भाजीवाली मावशी म्हणायची, "ने गं, उद्या दे."

रेल्वेच्या विस्तारासाठी रुळांलगतची घरं हलवली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात आमच्यासारखी हजारो कुटुंबं मानखुर्द, गोवंडी, चेंबूरचा वाशी नाका अशा ठिकाणी बिल्डिंगींमध्ये गेली. घर २२५ चौरस फूट, आत संडास, नळ, वीज मीटर आपल्या नावावर. आई पहिल्या रात्री झोपलीच नाही, नळ सोडून बघत होती. घराचा हिशेब झाला होता. बाजाराचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. इतकी हजार माणसं एका जागी आणून ठेवायची तर ती कुठे भाजी घेतील, कोण विकेल, कुठे बसून विकेल, हे नकाशात नव्हतं. काही दुकानं होती, त्यांत किराणा आला, मोबाइल रिचार्ज आला, बेकरी आली. भाजीचं दुकान भाडं भरून परवडत नाही, कारण भाजीत नासाडी असते.

शिवाय मजले. पाटी डोक्यावर घेऊन चाळीत, झोपडपट्टीत दारोदार फिरणारी बाई सातव्या मजल्यावर येत नाही. लिफ्ट चालू असली तरी येत नाही. वर चढून दोन जुड्या खपल्या तर तिचा वेळ भरून निघत नाही. ती खाली उभी राहून ओरडते आणि वरच्या बायका दोरीला पिशवी बांधून सोडतात. पिशवीतून वर आलेली भाजी निवडून घेता येत नाही. आणि उधारी ओळखीवर चालते, ओळख तर दारात उभं राहून बोलण्यातून होते. मजल्यांनी ती तोडली.

वडिलांनी इथे आल्यावर पुन्हा गाडी लावून बघितली. एका सकाळी पालिकेच्या माणसांनी हातगाडी उचलून नेली, मालासकट. वांगी आणि पालक होता. पालक संध्याकाळपर्यंत गेलेला असतो, सोडवून आणला तरी काय करणार? त्यानंतर त्यांनी भाजी सोडली आणि वॉचमनची नोकरी धरली.

फेरीवाल्यांसाठीचा केंद्राचा कायदा २०१४ साली आला. तो मी नंतर बसून वाचला, कारण वडिलांची गाडी डोक्यातून जात नव्हती. कायद्यात लिहिलं आहे की जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचं. आणि ‘नैसर्गिक बाजार’ जपायचा, म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं जमत आले आहेत ती जागा. हे कलम चांगलं आहे. पण पुनर्वसनात नेमकं तेच मागे राहतं. आमचा नैसर्गिक बाजार कुर्ल्याला राहिला, आम्ही मानखुर्दला आलो. नव्या वसाहतीत वर्षानुवर्षं जमत आलेलं कोणी नसतंच, तर जपायचं काय? मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झालं तेव्हा ९९ हजारांच्या आसपास अर्ज आले आणि सुरुवातीला पात्र ठरले साधारण १५ हजार. उरलेले काही गावाला निघून गेले नाहीत. ते रस्त्यावरच आहेत, रोज पालिकेच्या गाडीच्या धाकात. धाकात असलेला माणूस टिकणारा माल ठेवतो: कांदा, बटाटा, लसूण. पालेभाजी तो ठेवत नाही. पालेभाजीला बसायला पक्की जागा, सावली, शिंपडायला पाणी आणि उद्याही इथेच असू ही खात्री लागते.

टिकण्याच्या या शर्यतीत जिंकतो पाकीटबंद माल. आमच्या वसाहतीत कुठल्याही मजल्यावर एखादी तरी खोली अशी आहे जिच्या दारात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. चिप्स, नूडल्स, क्रीमची बिस्किटं. ती महिनोन्महिने टिकतात, नासत नाहीत, कोणी उचलून नेत नाही, कंपनीचा माणूस ती दारात आणून देतो, फ्रिज लागत नाही. आई कामावर, शाळा सुटून घरी आलेलं मूल, हातात पाच रुपये. पाच रुपयांत केळं येत नाही आमच्याकडे, पाकीट येतं. त्या मुलाला मी काय सांगू? मुलांच्या खाण्यावर बोलायचं तर पाच रुपयांत, पायरीपाशी, शाळा सुटायच्या वेळेला फळ मिळेल का, यावर बोलावं.

आमच्या वसाहतीत आहारावर मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात. येणाऱ्या मुली मनापासून सांगतात. हिरव्या पालेभाज्या खा, डाळ खा, मोड आलेली कडधान्यं खा. खाली बसलेल्या बायकांना हे त्या मुलींपेक्षा जास्त माहीत असतं. त्यातली निम्मी मराठवाड्यातून, सोलापूर-सातारकडून, उत्तर प्रदेशातून आलेली, शेतात राबलेली. पाथरी, घोळ, तांदुळजा, करडई यांच्या भाज्या केलेल्या त्यांच्या हातांना हिरव्या भाजीचं महत्त्व समजावून सांगण्यात कोणाचाच वेळ जाऊ नये असं मला वाटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. २,००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं. भाज्यांत बटाटा धरलेला नाही. मी हिशेब लिहिणारी बाई, मी लगेच आकडे मांडले. पाच माणसांचं घर धरलं तर रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळ. आमच्या खालच्या भावाने भाजीचे १६० रुपये, केळी-पेरूसारखं साधं फळ धरलं तरी ४० रुपये. रोजचे २००, महिन्याचे ६,०००. मुलं लहान आहेत म्हणून थोडं कमी धरा. तरी यात तांदूळ नाही, डाळ नाही, तेल नाही, दूध नाही, गॅस नाही.

आता रेशनकडे बघा. महाराष्ट्रात शहरी भागात अन्न सुरक्षा योजनेच्या प्राधान्य कुटुंबात बसायचं तर वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं, असं ठरलेलं आहे. महिन्याला ते ५,००० सुद्धा भरत नाहीत. म्हणजे ज्या घराला सरकार मोफत धान्याला पात्र मानतं, त्या घराचं सगळं उत्पन्न नुसत्या भाजी-फळांना पुरणार नाही. आणि धान्य मिळतं ते माणशी पाच किलो, गहू आणि तांदूळ. पोट भरतं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. लॉकडाउनमध्ये आमची बिल्डिंग त्या तांदळावर जगली. पण भाताबरोबर काय खायचं, ते बाजारावर सोडलेलं आहे, आणि बाजार कसा आहे ते वर लिहिलंच आहे.

आमचा महापालिकेचा एम पूर्व विभाग. देवनारचं डम्पिंग ग्राउंड याच विभागात, १९२७ पासूनचं. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात सगळ्या विभागांत शेवटचा नंबर आमचा होता, निर्देशांक एकपैकी ०.०५. याच विभागात अणुशक्तीनगरही आहे, झाडं आणि रुंद रस्ते असलेली आखीव वसाहत. तिथून गोवंडीचं शिवाजीनगर, बैंगनवाडी काही फार लांब नाही. शिवाजीनगरच्या रस्त्यांवर भाजी भरपूर दिसते, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर गोवंडीत काही मिळतच नाही असा समज व्हायचा. तिथे रस्ते आखलेले आहेत, घरं बैठी आहेत, त्यामुळे बाजार आपोआप उभा राहिला. तिथली अडचण वेगळी. तिथे माझी एक मैत्रीण राहते, जरीकाम करते. मी तिला एकदा विचारलं, पालक इतका स्वस्त दिसतो, तू घेत का नाहीस? ती म्हणाली, "बाजी, पालक धोने में ही आधा गॅलन जाता है." तिच्या गल्लीत प्यायचं पाणी गॅलनवर, म्हणजे कॅन भरून, विकत घेतात. पालेभाजीला तीन पाणी लागतात, माती बसते तळाला. जुडीच्या भावात पाण्याचा भाव मिळवला की ती जुडी स्वस्त राहत नाही. पोषणाच्या कुठल्याही तक्त्यात हे पाणी धरलेलं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं चवीपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. आमच्या भागात क्षय आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींवर ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला होता. बिल्डिंगी एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयाचे रुग्ण जास्त, हे त्यातून पुढे आलं. ऊन-वाऱ्याबद्दल त्यानंतर बरंच लिहून आलं. खाण्याबद्दल कमी. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन बघितलं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास घटलं. डाळ-तांदळाने! क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले आहेत. चांगलं झालं. पण ते पैसे घेऊन बाई खाली उतरते तेव्हा तिच्यासमोर काय असतं? माझ्या मजल्यावर एका घरात थोरल्या मुलीला क्षय झाला, औषधं पूर्ण केली, ती बरी झाली, नंतर धाकटीला झाला. त्यांच्या खोलीत तिन्ही वेळेला भात आणि बटाट्याची रस्साभाजी. बटाटा टिकतो म्हणून.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. हा आकडा वाचून लोहाच्या गोळ्यांची आठवण होते सगळ्यांना. मला गाळ्यावर सकाळी साडेनऊला पडून राहिलेल्या मेथीची आठवण होते. शेकड्याचा भाव कोसळलेला असतो, तिकडे जुन्नरच्या शेतकऱ्याला पट्टीत गाडीभाडंही सुटत नाही, आणि इकडे पूल ओलांडला की मुलांच्या अंगात रक्त नाही. ज्या कागदावर मी त्या शेतकऱ्याचे ‘हमाली, तोलाई वजा जाता’ उरलेले पैसे लिहिते, त्यावर त्याचं गाव असतं. कधीकधी ते आमच्या गावाशेजारचं असतं.

फळं-भाज्या २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या, तेव्हा शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरायला लागले. मला फार आनंद झाला होता. मी बघितले ते बाजार बहुतेक मोठ्या सोसायट्यांच्या मैदानांत, बागांशेजारी भरतात. शेतकरी तिथे जातो कारण तिथे चार तासांत माल संपतो, त्याला दोष नाही. आमच्याकडे तो यावा असं वाटत असेल तर कोणीतरी त्याला जागा, पाणी आणि पहिले काही महिने खपाची हमी द्यायला हवी.

आमच्या महिला मंडळाने यावर्षी तेवढंच मागितलं आहे. वसाहतीच्या मधोमध एक मोकळा पट्टा आहे, सध्या तिथे बंद पडलेल्या रिक्षा आणि डेब्रिज आहे. तिथे पत्र्याची शेड, तीस ओटे, एक नळ, एक दिवा. ओटे फक्त भाजी, फळं, अंडी, मासळी आणि कडधान्यासाठी, आणि निम्मे ओटे वसाहतीतल्याच बायकांच्या नावे. पहाटे वाशीहून एक सामायिक टेम्पो, म्हणजे पाच हजारांचं भांडवल नसलेल्या बाईलाही पहिल्या तासातला माल उचलता येईल. टेम्पोचा हिशेब मी काढून दिला आहे: तीस जणींत वाटला तर माणशी भाडं आत्ता चौघींत पडतं त्याच्या निम्म्याहून कमी येतं, आणि मोठी गाडी धरूनच हा हिशेब केला आहे. गाळ्यावर खातं उघडायला दोन व्यापारी तयार आहेत, मी स्वतः विचारलं. झाडलोटीची पाळी मंडळ लावणार आहे. कचऱ्याचा प्रश्न आधी विचारला जातो, म्हणून तो आधीच लिहून टाकला.

निवेदनावर सह्या गोळा करणं चालू आहे. ए विंगच्या खालच्या मजल्यावर, बालवाडीच्या खोलीत, रोज संध्याकाळी सातनंतर कोणीतरी बसलेलं असतं. वसाहतीतल्या ज्यांची सही राहिली आहे त्यांनी येताना लाइट बिलाची झेरॉक्स आणावी. आणि शेजारच्या वसाहतींतल्या कोणाला असंच निवेदन करायचं असेल तर आमचा मसुदा आणि टेम्पोचा हिशेब दोन्ही न्या, तुमच्या बिल्डिंगींची संख्या घालून बदलून घ्या.